बिनकाठाचं पान

ताटाला काठ असतो, वाटीला असतो, द्रोणालासुद्धा असतो. केळीच्या पानाला नसतो. केरळातल्या ओणमच्या जेवणाबद्दल, तिकडच्या सद्याबद्दल, मला जे जे सांगावंसं वाटतं ते सगळं या एवढ्याशा गोष्टीतून निघतं.

पान जमिनीवर सपाट पसरलेलं असतं. मधली शीर जरा उंच असते. तिच्यावर तळहाताने दाब दिला की बारीकसा ‘कट’ आवाज होतो आणि पान खाली बसतं. शिंपडलेलं पाणी त्याच्यावर पसरत नाही. पानाच्या अंगावरच्या मेणामुळे त्याचे थेंब होतात आणि वाट मिळेल तिकडे पळतात. त्यांना अडवायला काहीच नाही. अशा जागेवर वीस-पंचवीस पदार्थ वाढायचे, त्यातले निम्मे रसाचे, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. आमटीला वाटी हवीच असं मानणाऱ्या घरात मी वाढलो, म्हणून असेल, पण मला हे पहिल्यापासून फार धाडसाचं वाटत आलं आहे.

बदलीच्या नोकरीमुळे मी काही वर्षं त्रिशूरला राहिलो. घरमालकांच्या थोरल्या सूनबाईंना सगळे चेची म्हणत, मीही म्हणू लागलो. ओणमच्या मुख्य दिवसाच्या, तिरुवोणमच्या, आदल्या दिवशी, म्हणजे उत्राडाला, तिथे जी खरेदीची झुंबड उडते तिला उत्राडप्पाच्चिल म्हणतात. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना नेंद्रन केळ्यांचे घड टांगलेले असतात. त्यांत लालसर पिवळ्या सालीचे चेंगालिकोडन दिसले की लोक थांबून किंमत विचारतात. ते याच भागातलं केळं, आणि उत्राडाला गुरुवायूरच्या देवळात त्याचे घड वाहायची रीत आहे. या गर्दीतून घरी आलो की मी जाऊन स्वयंपाकघराच्या दारात बसत असे, कारण खरं काम तिथे चाललेलं असायचं. उरुळी नावाच्या पसरट भांड्यात काळन आटत असायचा. सुरण आणि कच्च्या नेंद्रनच्या फोडी, मिरपूड, हळद, वरून घुसळलेलं आंबट दही, मग खोबऱ्याचं वाटण. दही फुटू नये म्हणून सारखं ढवळायचं आणि पाणी पार आटवायचं. एरवीचा काळन पातळ चालतो, सद्याचा चालत नाही. चेचीने शेजारी पानाचा एक तुकडा ठेवलेला असे. त्यावर ती पळीभर काळन टाकायची आणि तुकडा तिरका करायची. काळन सरकला की उरुळी पुन्हा चुलीवर. जागचा हलला नाही की मगच ती उरुळी उतरवायची. असा आटवलेला काळन फ्रिजशिवाय कितीतरी दिवस टिकतो, पण तो घट्ट करण्याचं पहिलं कारण पान आहे.

पहिलं पान दिव्यापुढे. निलविळक्कु लावायचा, त्याच्यासमोर गणपतीचं पान वाढायचं, त्यानंतर माणसांची पंती, म्हणजे पंगत. पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं आणि त्या टोकापासून वाढायला सुरुवात होते. मीठ, केळ्याचे तळलेले काप, गूळ आणि सुंठ लावलेली शर्करा उप्पेरी, लोणची, पुळि-इंजी. मग पचडी, किचडी, आणि तिथून उजवीकडे सरकत तोरन, कोहळ्याचा आणि चवळीचा नारळाच्या दुधातला ओलन, अवियल, एरिश्शेरी, काळन. पानाचा वरचा अर्धा भाग यांचा. खालचा अर्धा रिकामा ठेवतात, तो भाताचा. आंबट-तिखट थोडंथोडं लागतं म्हणून ते लांब डावीकडे, भाज्या भरपूर लागतात म्हणून त्या उजव्या हाताजवळ. आपल्याकडेही पानात डावं-उजवं असतंच, चटणी-कोशिंबीर कुठे आणि भाजी कुठे हे आपल्या आज्या सांगत आल्या आहेत, त्यामुळे मराठी माणसाला ही मांडणी परकी वाटत नाही. गावोगावी थोडा फरक पडतो. कण्णूर-कोझिकोडकडे ओणमच्या पानावर मासळी आणि कोंबडीही येते, आणि दक्षिण केरळातल्या लोकांना ते काही केल्या पटत नाही.

मग लाल मट्टा तांदळाचा भात येतो. त्यावर परिप्पु, म्हणजे मुगाचं घट्ट वरण, आणि तुपाची धार. पप्पडम मुठीत चुरून त्यात मिसळायचा. हा पहिला भात संपला की दुसऱ्या भाताचं आळं करायचं आणि सांबाराची वाट पाहायची. सांबार वाढणारा कमरेतून वाकतो, ओगराळं पानाला जवळजवळ टेकवतो आणि आळ्याच्या बरोबर मध्ये ओततो. ओगराळं जरा उंच धरलं तर शिंतोडे ओलनवर, जरा जास्त कललं तर ओघळ थेट मांडीवर. जेवणारा त्याच वेळी बोटांनी भाताचा बांध सावरत असतो. दोघांचे हात एकाच कामात गुंतलेले असतात आणि बहुतेकदा दोघांची एकमेकांशी ओळखही नसते. पायसम तर आळ्याशिवाय, थेट पानावर. प्रथमन, म्हणजे गुळाचं पायसम, पडला की पसरायला लागतो. बोटं आडवी ठेवून त्याला गोळा करायचं, केळं कुस्करायचं, पप्पडम चुरायचा आणि पसरण्याआधी संपवायचं. दक्षिणेकडे, तिरुवनंतपुरमच्या बाजूला, पानावर आधी बोळी येते. हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरलेली ही पिवळीधमक पोळी पाहून कुठल्याही मराठी माणसाचे डोळे चमकतील. ती कुस्करतात आणि तिच्यावर पालपायसम ओततात. बोळी दूध पिते आणि पायसम जागच्या जागी थांबतं. गोडानंतर पुन्हा थोडा भात, पुळिश्शेरी किंवा रसम, आणि शेवटी ताक, तेही पुष्कळदा ओंजळीत.

या सगळ्यात एक गोष्ट कुणालाच करता येत नाही. आपलं पान आपल्याला वाढून घेता येत नाही. ताट हातात घेऊन उठता येतं, स्वयंपाकघरात जाता येतं, कोपऱ्यात बसून एकट्याने जेवता येतं. पान उचललं की सगळं गेलं. एकदा बसलं की उठेपर्यंत दुसऱ्या कुणाच्यातरी हातावर अवलंबून राहायचं, आणि तो हात सढळ की राखलेला हे शेजारच्या पानाकडे पाहून लगेच कळतं. म्हणूनच कुणी कुणाला वाढावं आणि कुणाच्या शेजारी कुणी बसावं या प्रश्नावर या भूमीने इतका छळ सोसला.

डाव्या टोकाकडच्या त्या चमचाभर पुळि-इंजीची एक गोष्ट केरळात घरोघर सांगतात. वररुची नावाचा ब्राह्मण पंडित एका घरी जेवायला आला आणि त्याने एकशे आठ पदार्थ मागितले. घरातली मुलगी, पंचमी, आतून म्हणाली, सगळं तयार आहे. तिने आल्याचं हेच तोंडीलावणं केलं होतं, त्या एकात एकशे आठांचा गुण धरतात. त्या बुद्धीवर भाळून वररुचीने तिच्याशी लग्न केलं आणि मग कळलं की ती परया जातीत जन्मलेली. त्यांच्या बारा मुलांपैकी अकरा वेगवेगळ्या घरांत वाढली, कुणी अग्निहोत्री झाला, कुणी धोबी, कुणी सुतार, कुणी परयाच राहिला. बापाच्या श्राद्धाला मात्र ती सगळी एका घरी जमत. कथा इतकी जुनी, आणि ती सांगणाऱ्या समाजात देवळांच्या ऊट्टुपुरात, म्हणजे जेवणघरात, खालच्या मानलेल्या जातींना पान मिळत नव्हतं.

२९ मे १९१७ रोजी वैपिन बेटावरच्या चेराई गावात के. अय्यप्पन नावाच्या तरुणाने एक पंगत बसवली. तो ईळव समाजातला, श्रीनारायण गुरूंचा शिष्य. ईळवांनाही वरच्या जाती दूर ठेवत, पण ईळवसुद्धा पुलयांना दूर ठेवत. अय्यप्पनने दोघांना एका ओळीत बसवून जेवू घातलं. सण नव्हता, पदार्थांची गणती नव्हती, फक्त एकत्र बसून जेवायचं होतं. जेवलेल्यांवर बहिष्कार पडला. त्याला हिणवायला लोक ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणू लागले आणि त्याने ते बिरुद म्हणून मिरवलं. पुढे केरळ त्याला सहोदरन अय्यप्पन म्हणून ओळखू लागला. अनंत हरी गद्र्यांच्या झुणका-भाकर सत्यनारायणाबद्दल ज्यांनी वाचलं आहे त्यांना हे धैर्य वेगळं समजावून सांगायला नको. ओणमला आज एका ओळीत जी पानं मांडली जातात ती मला म्हणूनच महाबलीच्या, म्हणजे आपल्या बळीराजाच्या, राज्याइतकीच त्या चेराईच्या दुपारचीही वाटतात. महाबलीच्या राज्यात सगळी माणसं सारखी होती असं तिथली ओणमची गाणी सांगतात. चेराईला ते करून पाहिलं गेलं.

पंबा नदीकाठी आरन्मुळाला एक वेगळाच सद्या होतो. पार्थसारथीच्या देवळाशी बांधलेल्या ५२ गावांच्या नागाच्या फण्यासारख्या शेपटाच्या होड्या, पळ्ळियोडम, पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथे येतात आणि नवस बोललेला भाविक वल्हेकऱ्यांना जेवू घालतो. या वळ्ळसद्यात परंपरेने ६४ पदार्थ धरतात. एरवी पानावर बसलेला माणूस मुकाट्याने येईल ते घेतो. इथे वल्हेकरी गाऊन मागतात. एकजण पद्यात पदार्थाचं नाव घेतो, बाकीचे साथ धरतात, आणि मागितलेल्याला नाही म्हणायचं नाही असा नियम आहे. वाढणारे अक्षरशः धावतात. जेवणाऱ्याच्या हक्काला इतकं मोठ्याने गाण्यात बसवलेलं मी दुसरीकडे कुठे ऐकलं नाही.

अशा सद्यांच्या दिवसांत केरळाला लागणारी पानं केरळात पुरत नाहीत. तामिळनाडूतून, तेनी-कोइम्बतूरकडून, ट्रक भरून येतात. पानासाठी लावलेल्या केळीची कथा घडासाठी लावलेलीपेक्षा निराळी असते. पानाच्या शिरा मधल्या शिरेपासून बाहेरच्या कडेकडे समांतर जातात, त्यामुळे वारा लागला की पान त्या रेषांवर चरचर फाटतं, आणि फाटक्या पानाला सद्यात किंमत नाही. सुरळी उलगडल्यावर वाऱ्याने हात लावण्याआधी ते कापावं लागतं. टोकासकटचं अखंड पान, तूशनिला, सगळ्यात महाग, कारण एका पानातून असं टोक एकच निघतं.

म्हणूनही असेल, आता कागदाची पानं मिळतात. हिरवी छपाई, त्यावर छापलेल्या शिरा, वर प्लास्टिकचा पातळ थर. मला ती सहन होत नाहीत. त्यापेक्षा स्टीलचं ताट प्रामाणिक. गरम भात पडल्यावर खऱ्या पानाचा जो हिरवा, किंचित तुरट वास वर येतो तो नसेल तर पानाचं सोंग कशाला आणायचं? हॉटेलातून डब्यांत भरून येणाऱ्या तयार सद्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. मुलं परदेशात गेलेली वयस्कर नवराबायको तो मागवतात, सोबत घडी घालून आलेलं पान उलगडतात आणि एकमेकांना वाढतात. आमच्या मुंबईत माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली सुरू केलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये आजही पानावर जेवता येतं, आणि तिथला वाढणारा रसमचं ओगराळं घेऊन आला की मी आपसूक भाताचा बांध घालतो.

जेवण झालं की पान आपल्याकडे मिटायचं, वरची बाजू खाली आणून. दुःखाच्या जेवणात ते उलट, पलीकडे मिटतात. एक पंती उठते, पानं उचलली जातात, दुसरी बसते. शेवटची पंती स्वयंपाकघरातल्यांची. पहाटेपासून चुलीपुढे असलेल्या बायका, नारळ खवणारे, भांडी घासणाऱ्या. तोवर अवियल तळाला गेलेलं, पप्पडम मऊ पडलेले. आमच्या घरच्या सणांतही हेच व्हायचं आणि मला ते कधीच पटलं नाही. त्रिशूरच्या एका ओणमला चेचीचे यजमान आणि मी, आम्ही दोघांनी बालद्या हातात घेतल्या. आतून आधी विरोध झाला, मग खूप हसू आलं, मग पानं मांडली गेली.

चेची टोकापाशी बसली. मी उप्पेरीकडे वळलो तर तिने नजरेनेच मिठाची वाटी दाखवली. काळनचा चमचा कुठे थांबवायचा, तोरन किती, हे ती बोटाच्या पेरांनी सांगत होती. सांबाराला मी वाकलो आणि तिने आळं किंचित माझ्याकडे ओढून घेतलं. अडाप्रथमनची बालदी घेऊन फिरलो तेव्हा तिने पानाची उजवी बाजू मोकळी केली, पप्पडम चुरला आणि म्हणाली, “हात राखू नका, सार. अजून.” तिच्या पलीकडे भांड्यांना येणाऱ्या अम्मा बसल्या होत्या. त्यांनी पुन्हापुन्हा मागितला. संपला म्हटलं तर त्यांना खरंच वाटेना. शेवटी मी बालदी त्यांच्यापुढे तिरकी धरली, त्यांनी आत डोकावून पाहिलं, आणि तळाशी चिकटलेला गूळ खरवडून त्यांच्या पानावर घालायला लावला.