बिनभाड्याचे कूळ

मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत ज्याने संसार मांडला आहे, त्यास मालकाच्या तगाद्याची, नळाच्या अवेळी येणाऱ्या पाण्याची आणि शेजारच्या रेडिओची सवय कालांतराने होते. परंतु दिवा मालवल्यानंतर लाकडाच्या फटीतून बाहेर पडून, कसलीही पावती न देता आपल्या रक्ताचा महसूल वसूल करून जाणाऱ्या त्या तांबूस, चपट्या, पंखहीन जिवाची सवय झालेला मनुष्य मी तरी अद्याप पाहिलेला नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या शहरातील कुळांना जे संरक्षण दिले, त्याचा पुरेपूर उपभोग कोणी घेतला असेल तर तो ढेकणाने. तो भाडे देत नाही, पागडी देत नाही, आणि त्याच्यावर बेदखलीचा हुकूम बजावील असे न्यायालय अजून स्थापन व्हावयाचे आहे.

प्राचीनांनाही हा उपद्रव चांगलाच ठाऊक असला पाहिजे. एरवी लक्ष्मी कमळावर, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात जाऊन का निजतो, याचे कारण मत्कुणाच्या धास्तीत शोधण्याची कल्पना संस्कृत सुभाषितकाराला कशी सुचती? पंचतंत्रातला ढेकूण तर थेट राजाच्या शय्येवर पाहुणा म्हणून उतरतो, राजाला झोप लागण्याचीही वाट न पाहता त्याला डसतो आणि स्वतः फटीत पसार होऊन आश्रय देणाऱ्या बिचाऱ्या उवेला मरणाच्या दारी सोडतो. म्हणजे दारिद्र्य आणि अस्वच्छता यांची जी नामुष्की आपण त्याच्याशी जोडून ठेवली आहे, ती त्याची मूळची नव्हे. त्यास एक उबदार देह आणि एक अरुंद फट एवढेच पुरते. मग ती फट शिसवी पलंगाची असो की सुंभाच्या बाजेची. गरिबीचा संबंध येतो तो पुढे, त्याला घालवण्याचा प्रश्न उभा राहतो तेव्हा.

आमच्या घरी या प्रकरणाचा आरंभ पित्ताने झाला. सौभाग्यवतींच्या मनगटापासून कोपरापर्यंत एका ओळीत गांधी उठू लागल्या आणि मातोश्रींनी तत्काळ निदान केले की अंगावर पित्त उठले आहे; सबब दोन दिवस आमसुलाचे पाणी लावण्यात आले व डाळीचे पदार्थ वर्ज्य ठरले. त्याच अंथरुणाच्या दुसऱ्या टोकाला निजणाऱ्या मातोश्रींच्या अंगावर मात्र काहीच उमटत नव्हते. ढेकणाच्या दंशाने सर्वांची कातडी सारखी उमलत नाही, काहींना तर त्याचा पत्ताही लागत नाही. आणि ज्यांना पत्ता लागत नाही त्यांची मते अशा बाबतीत विलक्षण ठाम असतात, असा माझा अनुभव आहे. अखेर एका रात्री विजेरी घेऊन मी खाटेची झडती घेतली. उशाकडच्या पायात जिथे आडवी पट्टी खाचेत बसवलेली होती, तिथे लाकडावर शाईचे बारीक ठिपके पडावेत तशी काळी नक्षी दिसत होती. त्या नक्षीच्या कडेला टाकलेल्या पारदर्शक काती होत्या, मोत्यासारखी पांढरी अंडी चिकटलेली होती, आणि आत, प्रकाश पडताच लगबगीने मागे सरकणारा, नुकताच जेवून उठलेला आणि म्हणूनच चपटेपणा हरवून बसलेला एक पोक्त गृहस्थ होता. चिमटीत धरताच सुटलेल्या त्या उग्र दर्पाने मातोश्रींचेही मतपरिवर्तन झाले.

तो कोठून आला याची चौकशी प्रत्येक घरात होते आणि प्रत्येक घरात तिचा निकाल पाहुण्यांच्या विरुद्ध लागतो. आमच्याकडे तो दोष कोकणातून आलेल्या एका वळकटीवर ठेवण्यात आला. खरे पाहता रेल्वेचा बाक, चित्रपटगृहातील खुर्ची, खानावळीतला पाट, यांपैकी कोठूनही तो आला असेल. गर्भवती मादी एखादीच जरी पिशवीच्या शिवणीत बसून आली तरी वसाहत स्थापन होण्यास तेवढे पुष्कळ होते.

औषधफवारणीचा व्यवसाय करणाऱ्या एका गृहस्थाने खोली पाहून जो खर्चाचा अंदाज सांगितला, तो ऐकून मी त्यास चहा दिला आणि निरोप दिला. महिनाअखेरीस कारकुनाच्या खिशात जे उरते, त्यात ढेकणांचे काय, त्यांच्या अंड्यांचेही परलोकगमन होण्यासारखे नव्हते. स्वस्त पुड्या व पिचकाऱ्या बाजारात विपुल आहेत. पण त्यांच्याविषयी माझे मन साशंक आहे, आणि त्याला कारण आहे. डीडीटी हे कीटकनाशक आहे असे दाखवून देणाऱ्या पाउल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी पर्ल हार्बरच्या लष्करी बराकींतील ढेकणांवर त्या भुकटीचा म्हणावा तसा परिणाम होत नसल्याचे आढळून आले होते. जो प्राणी जगाच्या गौरवसमारंभापर्यंतही थांबावयास तयार नाही, त्यास कोपऱ्यावरच्या दुकानातील पुडी काय करणार? शिवाय जिथे स्वयंपाक, पाळणा आणि अंथरूण एकाच चार भिंतींत आहे, तिथे विषाची फवारणी ढेकणाआधी कोणाच्या पोटात जाईल याचा विचार करावा लागतो. रॉकेलचा बोळाही मला मान्य नाही; चाळीच्या लाकडी जिन्यास तेवढे निमित्त पुरे.

उरली उष्णता. पन्नास अंश सेंटिग्रेडच्या आचेला ढेकूण, त्याची पिल्ले आणि अंडी यांपैकी काहीच टिकत नाही, आणि आपल्या घरातला पाणी तापवायचा बंब त्याहून कितीतरी अधिक आच विनातक्रार देतो. वैशाखातला एक रविवार आम्ही या कामी लावला. खाट सुटी करून गॅलरीत काढली आणि प्रत्येक खाचेत, प्रत्येक भोकात तांब्यातांब्याने उकळते पाणी सोडले. लोखंडी खाटेचे पोकळ पायही उलटे करून भरले, कारण त्या नळ्यांत नांदणारी प्रजा बाहेरून कधीच दिसत नाही. चादरी, अभ्रे, पडदे, मुलांची दप्तरेसुद्धा धुण्याचा सोडा घालून उकळली. खरी अडचण गादीची होती. जाड गादी उन्हात टाकली म्हणजे वरचे कापड चटके देते, पण आतला कापूस थंडच राहतो आणि ढेकूण सावकाश खालच्या अंगाला उतरतात. म्हणून पिंजाऱ्यास बोलावले. गच्चीवर बसून त्याने गादी उसवली, खोळ बंबातल्या पाण्यात गेली, आणि धनुकलीच्या तारेचा तो टणत्कार दुपारभर चालू राहिला. तुंबलेला, काळवंडलेला कापूस तारेवरून उडून पांढऱ्या ढिगात पडे आणि तिथून पातळ थराने तापलेल्या पत्र्यावर पसरला जाई. संध्याकाळी गादी पुन्हा शिवून झाली तेव्हा ती वीतभर फुगली होती. पिंजाऱ्याची मजुरी हाच त्या दिवसाचा मोठा खर्च, आणि तो मला मुळीच सलला नाही.

भिंतीतील खिळ्यांची भोके साबणाने व चुन्याने बुजवली, देवांच्या तसबिरी उतरवून त्यांच्या मागचे पुठ्ठे बदलले. एवढे करून निर्धास्त होणे योग्य नव्हते. नजरेतून निसटलेले अंडे साधारण आठवडा-दहा दिवसांत फुटते, आणि त्यातून निघालेल्या पिलाला वयात येईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते व दर खेपेस आधी रक्त प्यावे लागते. तेव्हा ते पहिल्यांदा जेवावयास बाहेर पडेल त्या सुमारास पुन्हा झडती, पुन्हा बंब, असा क्रम ठेवावा लागला. पैसा नसलेल्या माणसाजवळ या युद्धात चिकाटी तेवढी असते, आणि तिची किंमत त्याच्या घरातील बायका मोजतात हेही नमूद केले पाहिजे.

तथापि आमचे रान मोकळे झाले आणि ढेकूण पुन्हा दिसले. ते भिंतीपलीकडून आले होते. आमच्या व शेजारच्या बिऱ्हाडामध्ये लाकडी पडदी आहे, आणि पडदीच्या तुळईला दोन्ही घरांची हद्द ठाऊक नाही. शेजारच्या काकूंना विचारावे तर त्यांच्याकडे ढेकूण असल्याचे त्यांनी साफ नाकारले; मग स्वर खाली आणून म्हणाल्या, “मुलीला पाहायला येणार आहेत हो, कुणाला बोलू नका.” त्या एका वाक्याने मला सारा हिशेब उलगडला. मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत ढेकूण होते, प्रत्येक खोलीत ते लपवले जात होते, आणि प्रत्येक जण आपल्यापुरती पुडी टाकून त्यांना शेजाऱ्याकडे पाठवीत होता. पुढे पेन्शनीत निघालेल्या अण्णांनी, ज्यांना आता कोणी पाहावयास येणार नव्हते, गॅलरीत उभे राहून आपल्या खोलीत ढेकूण असल्याचे मोठ्याने जाहीर केले. त्यांच्यामागोमाग एकेक दार उघडले. एकाच दिवशी सर्व मजल्याच्या खाटा बाहेर आल्या, बंब आळीपाळीने पेटले, पिंजाऱ्यासही एकगठ्ठा काम मिळाल्याने त्याने मजुरीत सूट दिली. ज्या मोहिमेने एकेका घराचे दिवाळे निघाले असते, ती वाटून घेतल्यावर दरडोई भाजीच्या खर्चाइतकीही पडली नाही.

काकूंच्या मुलीचे लग्न ठरले. आपल्या घरी हा पाहुणा आला असेल तर वाचकांनी दुकानात जाण्याआधी शेजारचे दार ठोठवावे, आणि जुन्या बाजारातून खाट आणणार असाल तर तिच्या खाचा विजेरीने पाहून, उकळते पाणी ओतल्यावाचून ती उंबऱ्याच्या आत घेऊ नये.