थर लावणं आणि उतरवणं: ठाणे ते डोंबिवली

गोपाळकाल्याला ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरलं की पायीच निघावं लागतं, कारण नाक्यानाक्यावर रस्ता बंद असतो. जांभळी नाका, मग आनंद दिघ्यांच्या हंडीमुळे ओळखला जाणारा टेंभी नाका, आणि पुढे वर्तकनगर. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ साली ठाण्यातच नऊ थरांनी ४३.७९ फूट गाठून गिनीज बुकात नाव नोंदवलं, आणि २०२५ साली वर्तकनगरला कोकण नगर पथकानं दहा थर लावले. आकडे असे चढते असले, तरी चौकात उभं राहून दिवसभर दिसतं ते मुख्यतः कोसळणं. तिसऱ्या-चौथ्या थरातला एखादा गुडघा लटपटतो, थरथर वर पोचते आणि मनोरा बसतो. तेव्हा हुर्यो होत नाही. खाली दाटलेल्या गर्दीचे हात वर गेलेलेच असतात, ते पडणाऱ्याला झेलतात, आणि पथक पुन्हा खांद्याला खांदा लावतं. पडणं इतकं उघडपणे आणि सगळ्यांनी मिळून निभावणारा दुसरा सण मला माहीत नाही. माझी तक्रार बक्षिसांबद्दल आहे. सण पडणं गृहीत धरतो. मंचावरचे फलक फक्त थर मोजतात.

यावर रास्त आक्षेप आहे: दरवर्षी गोविंदा जखमी होतात, काही जिवानिशी जातात; मणका मोडलेल्या कमावत्या पोराच्या घरी पडण्याचं कौतुक कोणी सांगावं? मान्य. म्हणून तर २०१४ साली उच्च न्यायालयानं वीस फुटांची मर्यादा घातली होती. २०१७ साली ती उठली, चौदा वर्षांखालच्या मुलांना न चढवण्याची हमी तेवढी राहिली. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, विमाही आला. पण विमा पडल्यानंतरचा. स्पेनमधल्या कातालोनियातही माणसांचे मनोरे रचतात. २०१० साली युनेस्कोनं ती परंपरा आपल्या यादीत घेतली. तिथल्या तारागोनाच्या स्पर्धेत पूर्ण रचून नीट उतरवलेल्या मनोऱ्याला जास्त गुण असतात, रचून मग कोसळलेल्याला कमी. पडलेल्याला बाद करत नाहीत, पण उतरण्याचं कसब वेगळं मोजतात. आपल्याकडे सगळ्यात वरच्या एक्क्यानं सलामी दिली की निवेदकाचा आवाज टिपेला जातो आणि उतरणारे थर कॅमेऱ्यातून निसटतात. बक्षिसाची अर्धी रक्कम शेवटचा पाय जमिनीला लागल्यावर द्यावी, एवढंच माझं म्हणणं. आयोजक म्हणतील, उतरणं पाहायला गर्दी थांबणार नाही. ठाण्याची गर्दी तासन्‌तास न लागलेले थर पाहत उभी असते. तिच्या धीराबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

पुढे डोंबिवलीला लोकलनं जावं, वाटेत मुंब्र्याची खाडी दिसते. डोंबिवलीतही मोठे मंच आहेत, पण पाहण्यासारख्या आहेत त्या सोसायट्यांच्या आवारातल्या चार-पाच थरांच्या हंड्या. तिथं लाखांचे फलक नसतात. हंडी फुटली की एक्का आधी, मग दुक्का, मग खालचे, असे सगळे क्रमानं उतरतात. घाई कोणालाच नसते. पोरं तेवढीच आहेत आणि त्याच खांद्यांवर पुढच्या गल्लीतली हंडी फोडायची असते.