आविलाच्या ओवऱ्यांत

"सुआरेझ? तो तर फ्रँकोचाच माणूस!" माद्रिदला टॅक्सीवाला तुटकपणे म्हणाला, आणि माझा आविलाला जायचा बेत पक्का झाला. हुकूमशहा फ्रँकोनंतर स्पेनला लोकशाहीकडे नेणारे पंतप्रधान अदोल्फो सुआरेझ तिथल्या कथीड्रलमध्ये चिरविश्रांती घेत आहेत.

आविलाची तटबंदी जगप्रसिद्ध, संत तेरेसाही इथल्याच. ते सगळं मी भराभर उरकलं. सकाळी कथीड्रल उघडताच आत शिरलो. ओवऱ्यांमध्ये सुआरेझ आणि पत्नी आंपारो यांची समाधी आहे. शिळेवर स्पॅनिशमध्ये कोरलंय : सलोखा शक्य झाला.

टॅक्सीवाला खोटं बोलला नव्हता. सेगोव्हियाचे गव्हर्नर, सरकारी दूरचित्रवाणीचे प्रमुख, मग राजवटीच्या एकमेव पक्षाचे मंत्री. सगळी चढण त्या राजवटीतलीच. म्हणूनच जुलै १९७६मध्ये राजे हुआन कार्लोस यांनी त्यांना पंतप्रधान केलं, तेव्हा इतिहासकार रिकार्दो दे ला सिएर्व्हा यांनी 'एल पाईस'मध्ये ही घोडचूक ठरवली. शिळेपाशी उभा राहून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. वाड्याच्या चोरवाटा आत वाढलेल्यालाच ठाऊक असतात! १८ नोव्हेंबर १९७६ला फ्रँकोच्याच संसदेने ४२५ विरुद्ध ५९ मतांनी आपल्या शेवटाला मंजुरी दिली. बाहेरच्या माणसाला हे साधलं असतं का? १९८०मध्ये दे ला सिएर्व्हा स्वतः सुआरेझ यांच्या मंत्रिमंडळात गेले.

लोकशाही येणारच होती, असंही काही अभ्यासक म्हणतात. पण एप्रिल १९७७मध्ये, ईस्टरच्या सुटीत, कम्युनिस्ट पक्षाला मान्यता देण्याची जोखीम कुणालातरी घ्यावी लागली. नौदलमंत्र्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. कम्युनिस्टांना वगळून जूनची निवडणूक झाली असती, तर तिला निम्म्या देशाने खरं मानलं नसतं.

सुआरेझ यांच्या मध्यममार्गी आघाडीने ती जिंकली. पुढे स्वपक्षीयांनीच त्यांना जेरीस आणलं. जानेवारी १९८१मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २३ फेब्रुवारीला वारसाच्या निवडीचं मतदान चालू असताना बंडखोर सिव्हिल गार्ड्स संसदेत घुसले, छतावर गोळ्या झाडल्या. खासदार बाकांखाली दडले. सुआरेझ, त्यांचे उपपंतप्रधान जनरल गुतिएरेझ मेयादो आणि कम्युनिस्ट नेते कारिलो मात्र दडले नाहीत.

आणि १९८२मध्ये मतदारांनी सुआरेझ यांच्या नव्या पक्षाला दिल्या फक्त दोन जागा! त्या विचाराने मी इतका अस्वस्थ झालो, की सेगोव्हियाचा बेत मोडून त्यांच्या जन्मगावी, सेब्रेरोसला निघालो. तिथे त्या संक्रमणकाळाचं संग्रहालय आहे.