उरलेले कंद

नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे म्हटलं की वाचक ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चं नाव घेतो. त्याची १९६४ सालची ‘ॲरो ऑफ गॉड’ ही कादंबरी मागेच राहते. खरं तर ती जास्त अवघड, आणि म्हणूनच जास्त चांगली.

एझेउलू हा उमुआरोच्या सहा गावांचा, उलू देवाचा मुख्य पुजारी. नवा चंद्र दिसला की राखून ठेवलेल्या पवित्र यामांपैकी एक भाजून खायचा, हे त्याचं पंचांग. याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद. इंग्रज अधिकारी त्याला सरकारी मुखिया करायला निघतो. तो नकार देतो आणि ओकपेरीच्या सरकारी ठाण्यात अडकून पडतो. तेवढ्या महिन्यांचे याम राहतात न खाल्लेले. परत आल्यावर तो हटून बसतो: हिशेब पुरा झाल्याशिवाय नव्या यामाचा सण जाहीर होणार नाही. आणि सणाशिवाय कापणी नाही! पीक जमिनीत सडायला लागतं. देवाची आज्ञा की दुखावलेल्या म्हाताऱ्याचा सूड? अचेबे याचा निकाल लावत नाही.

चर्च नेमकं तेव्हा पुढे येतं. याम इथे आणून वाहा, उलू तुमचं काही बिघडवणार नाही. धर्मांतराला प्रवचनापेक्षा रिकामं कोठार जास्त उपयोगी पडतं, हे अचेबेने, स्वतः मिशनरी शिक्षकाच्या मुलाने, किती थंडपणे लिहिलंय!

त्याआधी याच मिशनमध्ये ‘तिथले डोळे’ म्हणून आपल्या मुलाला, ओडुचेला, पाठवलं होतं एझेउलूनेच. त्या पोराने पवित्र अजगर पेटीत कोंडला. भर सकाळी पेटी हलू लागली, घर जमलं, आणि बापालाच ती फोडावी लागली.