मावशीची सुंठ आणि माझी वही

माझ्या पर्समध्ये काय सापडणार नाही? बसची तिकिटं, देवळातला अंगारा, सुट्टे पैसे आणि डोकेदुखीच्या गोळ्या! ऑफिसात कुणाचं डोकं दुखलं की थेट माझ्या टेबलाकडे. आम्ही कारकून माणसं, फायलींत मान घालून बसणार, मग डोकं दुखणारच, अशी समजूत करून घेऊन मी कित्येक वर्षं गोळ्या गिळत आले. ही समजूत मोडली ती गोव्यापासून लांब, उज्जैनला.

माझी मावशी लग्न होऊन तिकडे गेली. घर नानाखेड्याला, इंदूरच्या बसगाड्या थांबतात त्या स्टँडजवळ. दोन वर्षांमागे एप्रिलमध्ये मी तिच्याकडे गेले होते. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार. महाकालाला जायचं म्हणून कडक उपास धरला, चहासुद्धा नाही. हे देऊळ अठराव्या शतकात नव्याने उभारलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी, म्हणजे आपल्याच बाजूच्या शेणव्याने. त्या अभिमानात रांगेत तासन्‌तास उभी राहिले. माळव्यातलं ऊन आपल्यासारखं अंग चिंब करत नाही. हवा कोरडी, घाम अंगावरच सुकतो आणि अंगातलं पाणी कधी कमी झालं ते कळतच नाही. दुपारी परतले ती अर्धं डोकं धरूनच. अर्धशिशी! पर्स उघडली, तर गोळ्या संपलेल्या.

मावशीने आधी साखर-मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं. मग सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावला, खिडक्या लावून घेतल्या आणि मला अंधारात निजवलं. थोड्या वेळाने वाटीभर पेज घेऊन आली. इतकी वर्षं माळव्यात काढूनही माझ्याशी ती कोंकणीच बोलते. म्हणाली, "बाय, घरा आसतना सकाळीं कितें खातां?"

मी गप्प. सकाळी सगळ्यांचे डबे भरून मी चहावर बस पकडते. मग दीडपर्यंत पोटात काही नाही.

"तुझी आवय अशीच तकली बांदून रांदताली," ती म्हणाली. "जेवताली मात सगळ्यांच्या फाटल्यान."

आईच्या डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं मला आठवतं. ते का बांधावं लागतं, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. आई आता नाही.

गोव्यात परतल्यावर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा गोळ्यांचा हिशेब विचारला. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. त्या बंद केल्यावर काही दिवस दुखणं वाढतं, म्हणून हे डॉक्टरांना विचारूनच करावं. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक!

त्यांनी एक वही ठेवायला सांगितली. कारकुनाला आणखी काय हवं? मी आवक-जावक रजिस्टरासारखे रकाने आखले: तारीख, वेळ, झोप, जेवण, पाणी, चहा, पाळी, गोळी. पहिल्या महिन्यात अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या आठ दिवशी मी न्याहारी केलेली नव्हती किंवा उपास होता. दोन नोंदी रविवारच्या, उशिरापर्यंत लोळल्याच्या. अवेळी झोप, मग ती कमी असो वा जास्त, अर्धशिशीला आवडते.

तेव्हापासून निघण्यापूर्वी दोन घास खाते. अकराच्या सुमारास डबा उघडते. आपल्याकडे पूर्वी शेतातली माणसंसुद्धा त्या वेळेला पेज घ्यायचीच. ही सवय आपण ऑफिसच्या घड्याळापायी सोडली. पाण्याची बाटली टेबलावर असते. चहा पाचावरून दोनवर आणला, पण हळूहळू, कारण तो एकदम तोडला तरी डोकं दुखतं. तासाभराने उठून मान आणि खांदे सैल करते, रोज एकाच वेळी झोपते. उपासाला फळं आणि ताक घेते. देव रागावल्याचं अजून तरी दिसलेलं नाही.

डोकं अजिबात दुखत नाही असं नाही. महिन्यातून दोन-तीनदा दुखतं. तेव्हा अंधार, थंड पाण्याची घडी, कधी सुंठ. सुंठेने मूळ कारण जात नाही, पण तिच्या निमित्ताने अर्धा तास कुणी हाक मारत नाही, हेही औषधच. लेप फार वेळ ठेवू नये, कातडी भाजते.

मात्र डोकं अचानक, कधी नव्हे इतकं जोरात दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, दिसेनासं झालं, डोक्याला मार लागला असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तर सुंठ उगाळत बसू नका. तडक इस्पितळ गाठा.

असो. मावशीचा फोन दर रविवारी येतो. खुशाली नंतर, पहिला प्रश्न ठरलेला: "बाय, खालें मगो?"

आईला हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. तुमच्या घरी कुणी डोकं बांधून रांधत असेल, तर आज तेवढं विचारा.