थांबण्याचे पैसे

रायपूरच्या सदर बाजारात गाडी घेऊन जाऊ नये, हे इथे बदलून आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कळतं. कोतवालीच्या अलीकडे कुठेतरी गाडी लावायची आणि चालत आत शिरायचं. दोन्ही बाजूंना सराफांच्या पेढ्या, मधे स्कूटर, हातगाड्या आणि लग्नाच्या खरेदीला निघालेली अख्खी कुटुंबं. गेल्या महिन्यात आम्ही दोघं गेलो ते खरेदीसाठी नाही. बायकोच्या पर्समध्ये सासूबाईंच्या दोन पाटल्या होत्या आणि त्यांची किंमत काढायची होती.

शेठजींनी पाटली आधी कसोटीच्या काळ्या दगडावर घासली, मग आतल्या मशिनवर ठेवली. "पुराना माल है भाभीजी, टाँके का काम है. बीस कैरेट समझिए." मग फरक दाखवायला त्यांनी एक नवी बांगडी भिंगाखाली धरली. बीआयएसची खूण, बावीस कॅरेटचा ९१६ हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. तो मोबाइलवर टाकला की कस कुठे तपासला ते कळतं. आमच्या पाटल्यांवर काहीच नव्हतं. त्यांची हमी म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या एका सोनाराने लग्नात दिलेला शब्द.

तो बारीक नंबर बघताना मला एक बाटली आठवली.

लेबनॉनमधल्या यूएन मिशनवर आपली बटालियन ज्या सेक्टरमध्ये असते, त्याचं नेतृत्व स्पेनकडे आहे. मर्जायूनजवळ त्यांचा तळ. स्पॅनिश मंडळी रात्री दहाला जेवायला बसतात, तोवर आपली दुसरी भूक लागलेली असते. अशाच एका रात्री लोग्रोन्योकडच्या एका मेजरने रिओहाची बाटली समोर ठेवली आणि ओतायच्या आधी उलटी फिरवून मागचा नंबर असलेला शिक्का दाखवला. रिओहात हा शिक्का वायनरीला स्वतः छापता येत नाही, नियामक मंडळ देतं. गर्द लाल असेल तर रेसेर्वा: किमान तीन वर्षं जुनी, त्यातलं एक वर्ष तरी ओकच्या पिंपात. निळा असेल तर ग्रान रेसेर्वा, म्हणजे पाच वर्षं. त्यातली दोन पिंपात, दोन बाटलीत. त्याखालची क्रिआन्सा, दोन वर्षांची, त्यातलं एक पिंपात. क्रिआन्सा या शब्दाचा अर्थ संगोपन, लहानाचं मोठं करणं. मी म्हटलं, खडकवासल्याला तीन वर्षं आणि डेहराडूनला एक, म्हणजे मी रेसेर्वाच्या वरचा. तो म्हणाला, "ते सगळं पिंपातलं झालं. बाटलीत शांत किती बसलास?"

त्या वाइनमागचं द्राक्ष टेम्प्रानिल्यो. स्पॅनिशमध्ये 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकतं म्हणून ते नाव. आपल्या लोकांना आवडावं असं त्याचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे पोस्टिंग बदललं की नाव बदलतं. रिबेरा देल दुएरोमध्ये तिन्तो फिनो, ला मांचात सेन्सिबेल, कातालोनियात 'सशाचा डोळा', आणि पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यात तिन्ता रोरिझ. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा. डायनिंग-इन नाइटला मेसमध्ये डावीकडे सरकवत नेतात ते पोर्ट, म्हणजे खरं पोर्ट, ज्या द्राक्षांपासून करतात त्यातलं हे एक मुख्य. मी ज्या मेसमध्ये राहिलो तिथलं पोर्ट बहुतेक वेळा खोकल्याच्या औषधाचं भावंड होतं, ती गोष्ट वेगळी.

रिओहाला ओकची सवय लावणाऱ्यांत एक फौजी होता, हे त्या मेजरने मोठ्या अभिमानाने सांगितलं. कर्नल लुसियानो दे मुर्रिएता, जनरल एस्पार्तेरोचा एडीसी. १८४३ मध्ये एस्पार्तेरोची सत्ता गेली आणि साहेबांबरोबर हाही लंडनला परागंदा झाला. तिथे उंची बोर्दो वाइन प्यायल्यावर त्याला कळलं की आपल्याकडची वाइन प्रवास सोसत नाही. मग बोर्दोला जाऊन तो पिंपांचं तंत्र शिकला आणि १८५२ मध्ये लोग्रोन्योत, जनरलच्याच तळघरात, त्याने पहिली वाइन केली. त्याच्या नावाची वायनरी आजही चालू आहे. जनरल राजकारणात जिंकले-हरले त्याचा हिशोब इतिहासकार ठेवतात. एडीसीची बाटली मात्र लोक अजून विकत घेतात.

पिंपात होतं काय? २२५ लिटरच्या लाकडातून हवा अगदी थेंबाथेंबाने आत जाते आणि वाइनचा तुरटपणा मवाळ होतो. रिओहावाल्यांनी पूर्वापार अमेरिकन ओक वापरला, म्हणून व्हॅनिला आणि खोबऱ्यासारखा वास येतो. थोडी वाइन उडून जाते, तेवढी भरत राहावी लागते. या सगळ्या काळात माल पडून, पैसा अडकून. आणि पाटल्यांचा प्रश्न नेमका इथे येतो.

माझ्या सासऱ्यांनी निफाड तालुक्यात दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि गावोगाव वायनरीचे लोक करार घेऊन फिरू लागले. सासऱ्यांच्या वाट्याला शिराझ आलं. २००८ च्या मंदीनंतर खप घसरला आणि वायनरीने कळवलं की यंदा माल उचलणार नाही. टेबलच्या द्राक्षाला अशा वेळी दुसरा व्यापारी असतो, बेदाण्याचा मार्ग असतो. वाइनच्या द्राक्षाला तसं काही नाही. मणी बारीक, आत बी, साल जाड. गाड्यावर कोणी चव बघायलाही घेत नाही. घड वेलीवरच सुरकुतले. उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून बाग काढली, थॉमसन लावलं, आणि त्या खर्चासाठी पाटल्या पतसंस्थेत गेल्या. त्या सुटायला सहा वर्षं लागली.

आता माझा मेहुणा त्याच जमिनीवर एक एकर टेम्प्रानिल्यो लावायचं म्हणतोय. कल्पना वेडगळ नाही. दिंडोरी तालुक्यात चारोसाने टेम्प्रानिल्यो रिझर्व्ह करून दाखवली. ग्रोवर झंपाच्या 'शेन'मध्ये शिराझबरोबर हेच द्राक्ष असतं, आणि 'शेन' या फ्रेंच शब्दाचा अर्थच ओक. आपल्याकडे वेल रिओहासारखी हिवाळ्यात झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना गोड छाटणी, आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये. उन्हात हे द्राक्ष आंबटपणा पटकन सोडतं, पण निफाडचा पारा थंडीत कुठे जातो हे आपण दर वर्षी पेपरात वाचतो. लवकर पिकणारं वाण मार्चच्या तापाआधी निघून जातं, हा मेहुण्याचा मुद्दा मला पटला.

बायकोला भावासाठी पाटल्या विकायच्या होत्या. मी एवढंच म्हटलं, "ज्या द्राक्षापायी गहाण पडल्या, त्याच द्राक्षासाठी विकायच्या?" शेठजींनी भाव सांगितला, आम्ही चहा घेतला आणि पाटल्या परत पर्समध्ये गेल्या.

घरी येऊन मेहुण्याने पाठवलेला कराराचा मसुदा वाचला. ऑपरेशन ऑर्डर वाचतो तसा, पेन्सिल घेऊन. रोपं कुठून, फवारण्या कोणत्या, ब्रिक्स किती, सगळं बारकाईने लिहिलं होतं. मालाची उचल मात्र 'गुणवत्तेनुसार व गरजेनुसार'. गुणवत्ता समजू शकतो, रिफ्रॅक्टोमीटर खोटं बोलत नाही. गरज कोणाची, आणि ती कधी ठरणार?

वाइन तीन वर्षं थांबू शकते, द्राक्ष पिकल्यावर चार दिवसही थांबत नाही. रिओहात थांबण्याचा काळ कायद्यात लिहिलेला आहे आणि त्या काळाचे पैसे वायनरी घालते. तिथला शेतकरी फार सुखात आहे असं नाही, खप घटला की द्राक्षाचा भाव तिथेही पडतो. पण बाटलीवर 'रेसेर्वा' लिहिणारा मागे तीन वर्षांचा साठा घेऊन बसलेला असतो, त्यामुळे एका वाईट हंगामात त्याला शटर ओढून घेता येत नाही. आपल्याकडे 'रिझर्व्ह' म्हणजे किती महिने, हे ज्याचं त्याने ठरवायचं. काही जण प्रामाणिकपणे ठरवतातही. पण शब्दाला खूण नसली की पाटल्यांसारखं होतं: सोनं असतं, कस मात्र विकायच्या दिवशी कळतो.

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, वायनरीत जा आणि तीन गोष्टी विचार. यांची किती पिंपं भरलेली आहेत आणि सर्वात जुनं कोणत्या सालचं? माल तयार झाल्याचं कळवल्यावर किती दिवसांत गाडी येणार? नाही आली तर किलोमागे किती देणार? तो म्हणाला, "दाजी, असं विचारलं तर ते दुसऱ्याकडे जातील." मी म्हटलं, जाऊ देत, आत्ताच गेलेलं बरं.

तो गेला आणि विचारून आला. पिंपं त्याला हात लावून दाखवली, जुन्यात जुनं दोन वर्षांपूर्वीचं. गाडीचे दिवस लिहून द्यायला ते तयार आहेत. 'गरजेनुसार' काढायला अजून तयार नाहीत, विचार करून कळवतो म्हणाले.

एक एकराचं आम्ही वीस गुंठे केलं. पाटल्या विकायची गरज नाही, तेवढे माझ्या बचतीतून निघतील. फेब्रुवारीत डॉगरिजचे खुंट लागतील आणि कलम ऑगस्टनंतर. तोवर तो शब्द करारातून निघाला तर काडी टेम्प्रानिल्योची, नाहीतर थॉमसनची. खुंट दोन्हीला तोच चालतो.