मोठ्या नांवांचा पराभव

बास्केटबॉल हा कांहीं आमच्या घरांतला नित्याचा विषय नव्हे. क्रिकेटला आम्हीं माजघरांत नेऊन बसविलें, आणि बाकीच्या खेळांना ओसरीवर सतरंजी टाकून दिली. तरीदेखील २००४ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंत झालेल्या एका अंतिम मालिकेविषयीं मी अद्यापि कोणाशींहि वाद घालावयास तयार असतों. लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ त्या मालिकेंत डेट्रॉइटच्या पिस्टन्स संघाकडून हरला. एक सामना जिंकून आणि चार गमावून हरला. हरणाऱ्यांच्या बाजूला शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चार विख्यात वीर होते. जिंकणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव त्या वेळीं या चौघांच्या पंक्तीला बसलें नसतें.

आमच्या चिरंजीवांचें निदान एका शब्दाचें आहे: अहंकार. "नाना, चार सरदार एका तंबूंत झोंपत नाहींत," असें ते मला ऐकवितात. उत्तर गोड खरें. मोठ्यांचा गर्व उतरला कीं आपणां सामान्यांना जें सूक्ष्म समाधान होतें, तें त्यांत आयतेंच मिळतें. पण फारसें सख्य नसतांनाहि याच ओनील-ब्रायंट जोडीनें २०००, २००१ आणि २००२ अशीं लागोपाठ तीन वर्षें अजिंक्यपद मिळविलें होतें. अहंकार तेव्हांहि घरचाच होता.

खरी गंमत डेट्रॉइटच्या बचावांत आहे. ओनील सात फूट एक इंच उंच, आणि त्या मानानें रुंद. त्याला अडविण्यासाठीं प्रतिपक्षानें दोन-तीन गडी गुंतविले, कीं मोकळा राहिलेला लेकर्सचा गडी सुखानें टोपली साधी. डेट्रॉइटचे मार्गदर्शक लॅरी ब्राउन यांनीं ओनीलला बहुतेक वेळ एकट्या बेन वॉलेसच्या हवालीं केलें. घेईल तितके गुण त्याला घेऊं द्या, पण बाकीच्यांना हलूं देऊं नका, असा तो हिशेब होता. लांब हातांचा टेशॉन प्रिन्स सावलीसारखा ब्रायंटच्या मागें लागला. पहिल्या सामन्यांत लेकर्सचे गुण झाले ७५. त्यांत ओनीलचे ३४, ब्रायंटचे २५, आणि उरलेल्या सगळ्या संघाचे मिळून १६! दुसऱ्या सामन्यांत ब्रायंटनें अखेरच्या क्षणीं दुरून चेंडू टाकून बरोबरी साधली व लेकर्स जादा वेळेंत जिंकले. पण तिसऱ्यांत ते ६८ वरच आटपले. संबंध मालिकेंत ओनीलच्या ८४ फेकींपैकीं ५३ टोपलींत पडल्या, ब्रायंटच्या ११३ पैकीं अवघ्या ४३. ज्याचा नेम लागत होता त्याच्या हातीं चेंडू कमी, आणि ज्याचा चुकत होता त्याच्या हातीं अधिक! हे आंकडे चिरंजीव माझ्यापुढें नाचवितात, आणि नाचवोत बापडे. परंतु ओनीलपर्यंत चेंडू पोंचविणें हें एकट्या ब्रायंटचें काम नव्हतें. तें मुख्यतः पेटनचें होतें.

आणि येथेंच माझा जीव अडकतो. पेटन तेव्हां ३५ वर्षांचा होता, मलोन ४० चा. १९९६ सालीं सिएटलचा पेटन आणि १९९७ व १९९८ सालीं युटाचा मलोन, दोघेहि अंतिम मालिकेंत शिकागोपुढें हरले होते. त्या तिन्हीं वेळां शिकागोचे मार्गदर्शक होते फिल जॅक्सन. तेच आतां लेकर्सचे. ज्यानें दारावरून परतविलें, त्याच्याच घरीं हे दोघे मोठ्या वेतनावर पाणी सोडून आश्रयाला आले. पण नांव हें भूतकाळाचें असतें, गुडघा वर्तमानकाळाचा. मलोनच्या गुडघ्यानें दगा दिला व पांचवा सामना त्याला बांकावर बसून पाहावा लागला. पेटनला तर सामन्यामागें सरासरीनें चार-साडेचार गुणांवर समाधान मानावें लागलें. समोर चॉन्सी बिलप्स होता. बॉस्टन, टोरोंटो, डेन्व्हर, मिनेसोटा अशीं घरें फिरून आलेला हा गडी मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ज्या बेन वॉलेसनें ओनीलला तोंड दिलें, त्याला १९९६ च्या निवडींत एकाहि संघानें घेतलें नव्हतें.

ब्राउन यांची युक्ति म्हणजे कांहीं परीस नव्हे. दोनच महिन्यांनीं ते अमेरिकेचा राष्ट्रीय संघ घेऊन अथेन्सला गेले, आणि तेथें पोर्तो रिकोनें त्यांना ९२-७३ असें लोळविलें.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला हें सारें जरा जवळून लागतें. सध्यां एका कोशाच्या संपादकमंडळांत माझें नांव असावें असा आमच्या तरुण सहकाऱ्यांचा आग्रह चालला आहे. "तुम्ही नुसतें नांव द्या सर, काम आम्ही करूं," असें ते मोठ्या आदरानें म्हणतात. तें ऐकलें कीं मला मलोनचा गुडघा आठवतो. मलोन त्यानंतर पुन्हां खेळलाच नाहीं. पेटन मात्र खेळत राहिला. मायामीच्या संघांत, राखीव गडी म्हणून. २००६ सालीं अंतिम मालिकेच्या तिसऱ्या सामन्यांत, शेवटचे नऊ-दहा सेकंद उरले असतां, त्यानें टाकलेल्या चेंडूनें मायामीला आघाडी मिळाली, आणि ते अजिंक्यपदहि त्या वर्षीं मायामीलाच मिळालें. वय होतें ३७.

कोशाच्या मंडळींना मीं परवां कळविलें कीं, मुखपृष्ठावर नांव नको. 'प' या अक्षराच्या नोंदी तपासावयास पाठवा.